सँडी न्यूयॉर्कला पोहोचायच्या आधीचे पाच दिवस

जलरेषा (धागाकर्ती)

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी चक्रीवादळ आलं तेव्हा मी न्यूयॉर्कला शिकत होते. मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, लोअर ईस्ट साइडमध्ये, चौथ्या मजल्यावर आम्ही तिघी मिळून राहायचो. २९ तारखेला, सोमवारी रात्री साडेआठच्या सुमारास उत्तरेकडचं आकाश एकदम निळं-हिरवं उजळलं आणि पाठोपाठ सगळीकडचे दिवे गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की पूर्वेकडच्या नदीकाठच्या वीज सबस्टेशनमध्ये खारं पाणी शिरून स्फोट झाला होता. ३९व्या रस्त्याच्या दक्षिणेला बहुतेक सगळा अंधार आणि उत्तरेला लख्ख उजेड. हेलिकॉप्टरमधून काढलेला तो अर्ध्या काळोख्या शहराचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला होता.

मला त्या फोटोबद्दल लिहायचं नाही. तो फोटो निघाला तेव्हा सँडीने आपली बरीचशी माणसं आधीच मारलेली होती, आणि उरलेली हानी अजून व्हायची होती. या दोन्ही गोष्टी जवळून दिसल्या म्हणून हा धागा काढतेय.

आधीची गोष्ट पहिल्यांदा. माझ्या वर्गात हैतीची एक मुलगी होती. २५ तारखेपासून ती मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन फोन लावत बसायची. आईवडील देशाच्या दक्षिण भागात. सँडी २४ ला जमैकावर धडकलं, २५ ला पहाटे क्यूबात सांतियागोजवळ. हैतीवर ते 'धडकलं' असं कुठेच लिहिलेलं सापडणार नाही, कारण वादळाचा डोळा, म्हणजे मधोमधचा भाग, पश्चिमेकडून निघून गेला. हैतीवर फक्त पाऊस पडला. सलग तीन-चार दिवस, काही ठिकाणी वीस इंचांच्या वर. डोंगरांवर झाडं राहिलेली नाहीत, कोळशासाठी वर्षानुवर्षं तोड झालीय, त्यामुळे पाणी मातीसकट खाली आलं. ५४ माणसं गेली. २०१० च्या भूकंपात घर गेलेले साडेतीन लाखांहून जास्त लोक तेव्हाही तंबूत राहत होते. आणि २०१० च्याच ऑक्टोबरपासून देशात कॉलरा होता, तो पाण्यातूनच पसरतो.

त्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलच्या हॉलमधला टीव्ही दिवसभर चालू असायचा. नकाशावर वादळाचा भोवरा फिरताना दिसायचा, बाण न्यू जर्सीकडे दाखवायचा. कॅरिबियनमधून तो भोवरा वर सरकायला लागला की निवेदक म्हणायचा, आता काय होतं ते पाहायचं. माझी मैत्रीण तिथेच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे झालंय."

आता नंतरची गोष्ट. आमच्या गल्लीत शनिवारी पहाटे वीज आली. लोकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नदीला लागून शहराच्या सरकारी वसाहतीचे उंच टॉवर आहेत, चौदा-चौदा मजल्यांचे. कॉलेजच्या काही मुलांबरोबर मी तिथे पाणी पोचवायला जात होते. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणजे वरच्या मजल्यांवर नळाला पाणी नाही, लिफ्ट नाही, हीटर नाही. रस्त्यावरचा अग्निशमनाचा नळ उघडून बादल्या भरायच्या आणि जिन्याने वर. जिन्याला खिडकी नाही, दुपारी दोन वाजता मिट्ट काळोख. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत जायचं, पायऱ्या मोजत. भिंत ओलसर आणि गार लागायची. अकराव्या मजल्यावर एक आजी एकट्या होत्या. स्वयंपाकघरातली गॅसची चारही बर्नर पेटवून, दार उघडं ठेवून, कोट घालून खुर्चीत बसलेल्या. आम्हाला पाहून त्यांनी पहिलं काय विचारलं? "सगळीकडे असंच आहे का?" फोन बंद, रेडिओ नाही. वादळ गेलंय एवढं त्यांना माहीत होतं, बाकी काही नाही.

शहरभर सरकारी वसाहतींच्या चारशेच्या वर इमारतींची वीज, हीटर किंवा गरम पाणी गेलं होतं. रेड हूक, कोनी आयलंड, रॉकअवे इथल्या लोकांनी दोन-दोन आठवडे आणि काहींनी त्याहून जास्त काळ असे काढले. ७ नोव्हेंबरला तर बर्फ पडला.

माझं म्हणणं एवढंच आहे. बातमी वादळाच्या डोळ्यामागे जाते. डोळा जिथे गेला नाही ती जागा निसटते आणि डोळा गेल्यानंतरचे दिवसही निसटतात. पण पैसा, मदत, लोकांचं लक्ष हे सगळं बातमीमागे जातं. तुमच्या पाहण्यात असं दुसऱ्या वादळांच्या बाबतीत आलंय का? इथे वृत्तपत्रात काम केलेले काही जण आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

----

गवतफूल

वाचून गलबललं. जिन्यातल्या काळोखाचं वाचताना मला आमच्या इमारतीतला जिना दिसला. अजून लिही.

----

शाईचा_डाग

मी वीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे थोडं आतलं लिहितो.

हैतीची बातमी दिली गेली नाही असं नाही. वृत्तसंस्थांनी रोज दिली. ५४ चा आकडा आज तुम्ही लिहू शकता तो त्यामुळेच. पण ती 'दिली जाणं' आणि 'लावली जाणं' यात फरक आहे. रात्री पानं लावताना समोर चाळीस बातम्या असतात. हैतीची बातमी सहा ओळींची, फोटो नाही. न्यूयॉर्कच्या बातमीला नकाशा आहे, अंदाज आहे, महापौरांची पत्रकार परिषद आहे, रिकाम्या स्टेशनांचे फोटो आहेत. सबवे बंद होणार हे आदल्या दिवशी कळलंय म्हणजे पानाची आखणी आधी करता येते. येणाऱ्या वादळाची बातमी आधी ठरवता येते, हे डेस्कला फार सोयीचं असतं. येऊन गेलेल्या पावसाची नाही ठरवता येत.

दुसरं म्हणजे, माध्यमंच तिथे राहतात. सँडीच्या रात्री मॅनहॅटनच्या खालच्या भागातल्या एका डेटा सेंटरचं तळघर भरलं आणि बऱ्याच मोठ्या बातम्यांच्या वेबसाइट बंद पडल्या. म्हणजे बातमी देणाऱ्याच्या स्वतःच्या पायाखाली पाणी होतं. असं झालं की ती जगातली सर्वांत मोठी बातमी वाटते, त्यात लबाडी नसते. स्वतःच्या घरातलं पाणी शेजारच्या पाण्यापेक्षा खोल दिसतंच.

तिसरं, आणि हे मला जास्त बोचतं. ६ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती. वादळानंतर आठव्या दिवशी. जलरेषा यांनी लिहिलेल्या आजी त्या दिवशी अकराव्या मजल्यावर असणार, आणि देशातला प्रत्येक वार्ताहर मतमोजणीला. आम्हीही तेच केलं असतं. केलंच.

----

आयसोबार

हवामानाच्या अंगाने भर घालतो, कारण 'डोळ्यामागे जाते' हे जलरेषाताईंचं वाक्य शास्त्राच्या बाजूनेही खरं आहे.

वादळाची १ ते ५ अशी जी श्रेणी सांगतात ती फक्त वाऱ्याच्या वेगावर असते. पूर्वी त्या तक्त्यात समुद्राच्या पाण्याची उंचीही असायची, २०१० पासून ती काढली, कारण दोन्हींचा मेळ बसत नव्हता. त्यामुळे पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, यातलं काहीच त्या एका आकड्यात नाही. न्यूयॉर्ककडे येताना सँडी श्रेणी १ चं सांगितलं जात होतं. लोकांनी ऐकलं 'एक', आणि वर्षभरापूर्वीच आयरीन वादळाच्या वेळी शहराचा सखल भाग रिकामा करायला लावला होता आणि शहरात फारसं काही झालं नव्हतं. ही आठवण ताजी होती. सक्तीच्या स्थलांतराच्या पट्ट्यात पावणेचार लाख लोक होते, त्यातले पुष्कळ घरीच राहिले.

प्रत्यक्षात सँडी पसरलेलं होतं, वादळी वाऱ्यांचा घेर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. त्यात पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला 'बॅटरी' नावाची जागा आहे, तिथल्या मापनकेंद्रावर पाणी जवळजवळ चौदा फुटांवर गेलं, तिथल्या नोंदीत तेवढं आधी कधी गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट माध्यमांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. किनाऱ्याला लागायच्या सुमाराला सँडीचं रूप बदलणार, ते तांत्रिकदृष्ट्या चक्रीवादळ राहणार नाही, असा अंदाज होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे म्हणून न्यू जर्सी-न्यूयॉर्कसाठी 'हरिकेन वॉर्निंग' निघालीच नाही, वेगळ्या नावाचे इशारे निघाले. इशारे कडक होते, पण लोक नाव ऐकतात. २०१३ मध्ये तो नियम बदलला.

नावावरून फिलिपीन्सचं सांगतो. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान आलं, तिथे त्याला योलांडा म्हणतात. टाक्लोबान शहरात समुद्र आत घुसला, देशभरात सहा हजारांवर माणसं गेली. 'स्टॉर्म सर्ज येणार' असा इशारा रेडिओ-टीव्हीवर दिला होता. वाचलेले लोक नंतर सांगत होते, तो शब्दच आम्हाला कळला नाही, त्सुनामी म्हणाले असते तर पळालो असतो. मराठीत आपण तरी काय म्हणतो? 'वादळी लाट' म्हटलं की एक लाट येऊन जाईल असं वाटतं. खरं तर समुद्राची पातळीच चढते आणि तासन् तास चढलेली राहते. 'समुद्र चढणार' एवढं साधं म्हटलं तर कळेल.

----

खारफुटी

@आयसोबार, 'समुद्र चढणार' फार आवडलं. हे वापरणार.

----

स्पष्टवक्ता_७१

माझं मत थोडं वेगळं आहे. प्रत्येक आपत्तीत गरीब-श्रीमंत आणायलाच हवं का? ब्रीझी पॉइंटला शंभराहून जास्त घरं एका रात्रीत जळाली, त्यातली बरीचशी अग्निशमन दलातल्या आणि पोलिसातल्या लोकांची होती. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लोकांची आयुष्यभराची कमाई वाहून गेली. न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडवर वीसच्या वर माणसं गेली, ती काही वसाहतीतली नव्हती, बरीचशी स्वतःच्या घरात होती. पाणी कुणाचं उत्पन्न विचारून येत नाही.

----

जलरेषा

@स्पष्टवक्ता_७१, पटतंय. पाणी विचारून आलं नाही. स्टेटन आयलंडची माणसं तर माझ्या मुद्द्याचाच भाग आहेत. शहरात सगळ्यांत जास्त मृत्यू तिथे झाले, शहराच्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त, आणि पहिले तीन दिवस तिथे कॅमेरा जवळपास नव्हता. गेला कधी? तर ४ नोव्हेंबरची मॅरेथॉन होणार की नाही यावर वाद पेटला तेव्हा. शर्यत स्टेटन आयलंडवरून सुरू होते. महापौर ब्लूमबर्ग आधी होणार म्हणाले. सेंट्रल पार्कात शर्यतीसाठी आणलेल्या जनरेटरांचे फोटो छापून आले, लोक खवळले, २ तारखेला शर्यत रद्द झाली. शर्यत नसती तर त्या गल्ल्यांतली माणसं आणखी किती दिवस दिसली नसती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि 'नंतर' मात्र विचारलं जातं हो. कागद आहे का, विमा आहे का, घर नावावर आहे की भाड्याचं, इंग्रजी येतं का. पुढे कुणी यावर लिहिलं तर बरं.

----

दुभाषी

मी लिहिते. सँडीनंतर दोन महिने स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी मदतीचे अर्ज भरून द्यायचं काम केलं, फावल्या वेळात, एका चर्चच्या तळमजल्यावर.

केंद्र सरकारची रोख मदत मिळायला नागरिकत्व किंवा ठरावीक दर्जा लागतो. कागद नसलेल्यांना ती नाही. निवारा, जेवण, औषध मात्र कुणालाही मिळतं, आणि घरात एखादं मूल तिथे जन्मलेलं असेल तर त्याच्या नावाने घराला अर्ज करता येतो. हे शेवटचं वाक्य माहीत नसल्यामुळे किती कुटुंबं आलीच नाहीत! त्यांना वाटायचं अर्ज केला की नाव-पत्ता सरकारकडे जाईल. टीव्हीवर रोज मदतकेंद्रांचे पत्ते सांगत होते, इंग्रजीत. स्पॅनिश वाहिन्यांनी, छोट्या रेडिओ केंद्रांनी काम केलं, ते मोठ्या माध्यमांच्या हिशेबात कधी आलंच नाही.

एक बाई आठवतात. घरं साफ करायचं काम करायच्या. ज्यांच्याकडे काम करत होत्या त्यांची घरं बुडाली म्हणून काम गेलं, आणि त्यांचं स्वतःचं तळघरातलं भाड्याचं घरही बुडालं. नुकसानीच्या रकान्यात काय लिहायचं? फर्निचर घरमालकाचं, आणि काम रोखीचं, त्याची पावती कुठून आणणार. आम्ही दोघी त्या रिकाम्या रकान्याकडे कितीतरी वेळ बघत बसलो. शेवटी त्यांनी मुलीची शाळेची पुस्तकं लिहिली.

तळघरांचं तर पुढे आणखी भयानक झालं. १ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचा उरलेला पाऊस. सेंट्रल पार्कला एका तासात तीन इंचांहून जास्त. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरातल्या घरांत. बरीचशी क्वीन्समध्ये, बरीचशी बाहेरून येऊन राहिलेली. समुद्रकिनाऱ्यापासून लांब. सँडीनंतर नऊ वर्षं सगळी चर्चा किनाऱ्याच्या भिंतींची झाली होती.

----

जुनी_वही

कव्हरेज कमी असण्याबद्दल सगळे लिहितायत. भरपूर आणि चुकीचं असेल तर काय होतं, त्याचं उदाहरण २००५ चं न्यू ऑर्लिन्सचं कॅटरिना वादळ.

दोन फोटो त्या वेळी शेजारी शेजारी फिरले होते, दोन वेगवेगळ्या वृत्तसंस्थांचे. दोन्हींत माणसं छातीभर पाण्यातून खाण्याच्या वस्तू घेऊन चाललीत. कृष्णवर्णीय मुलाच्या फोटोखाली 'दुकान लुटून', गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली 'दुकानात सापडलेलं'. फोटोग्राफर वेगळे, त्यांनी पाहिलेलं वेगळं असेल, तशी बाजू मांडलीही गेली. पण वाचणाऱ्याच्या मनात काय उमटलं ते उमटलंच.

त्याहून गंभीर म्हणजे तिथल्या सुपरडोम या स्टेडियममधल्या अफवा. हजारो लोक आसरा घेऊन होते. तिथे खून होतायत, मुलांवर अत्याचार होतायत, प्रेतांचे ढीग पडलेत, असं खुद्द महापौर आणि पोलीस प्रमुख कॅमेऱ्यासमोर बोलले आणि जगभर छापून आलं. नंतर मोजलं तेव्हा तिथे सहा मृत्यू: चार नैसर्गिक, एक अमली पदार्थांमुळे, एक बहुधा आत्महत्या. खून एकही नाही. पण तोवर शहराच्या पोलिसांना बचावाचं काम सोडून लुटारूंच्या मागे लावलं होतं. छपरांवर माणसं अडकलेली असताना!

सँडीच्या वेळी रस्त्यावर पोहणारा शार्क, शेअर बाजारात तीन फूट पाणी, असलं खोटं बरंच फिरलं. शेअर बाजाराचं तर एका मोठ्या वाहिनीने सांगूनही टाकलं. ते निस्तरलं गेलं. माणसांच्या एका गटाबद्दलचं खोटं मात्र निस्तरत नाही, वीस वर्षांनीही कुणीतरी 'सुपरडोममध्ये काय झालं माहितेय ना' म्हणतंच.

----

शाईचा_डाग

@जुनी_वही, त्या बातम्या आमच्या डेस्कवरूनही गेल्या होत्या. महापौर बोलतोय म्हटल्यावर कुणी थांबवली नाही. खुलासा आला तो आतल्या पानावर एका कॉलमात लागला. मीच लावला होता.

आकड्यांबद्दलही लिहायला हवं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया पोर्तो रिकोवर आदळलं. सरकारी आकडा ६४ मृत्यू, कित्येक महिने तोच. वीज मात्र काही भागात जवळपास वर्षभर नव्हती. डायलिसिसवरचे, ऑक्सिजनवरचे लोक, इन्शुलिन थंड ठेवता न येणारे. यातलं कुणी वादळात मेलं नाही, वादळानंतर मेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाचा अभ्यास आला आणि सरकारने आकडा बदलून २,९७५ केला. त्या वर्षभरात आम्ही ज्या ज्या बातमीत '६४' लिहिलं, ती प्रत्येक बातमी चुकली होती. कारण आम्ही जलरेषा म्हणतात तसं डोळा गेल्याबरोबर मोजणं थांबवलं.

----

खारफुटी

उलट बाजूचंही एक. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन तसंच जोरदार आलं, आधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले होते, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. बाहेरच्या वाहिन्यांचे लोक गोपाळपूरला तयारीत बसले होते, दोन दिवसांत निघून गेले. माणसं मेली नाहीत म्हणजे बातमी संपली.

पण घरं पडली होती, भात आडवा झाला होता, होड्या फुटल्या होत्या, केवड्याची बनं गेली होती. लाखो लोकांना जिवंत ठेवणारी यंत्रणा कशी चालली, गावागावात कोण दारं वाजवत फिरलं, म्हाताऱ्यांना कसं नेलं, हे मला सविस्तर वाचायचं होतं. बांगलादेशातही तेच. १९७० च्या भोला वादळात किमान तीन लाख गेले, १९९१ मध्ये एक लाख अडतीस हजारांच्या आसपास, आणि अलीकडच्या मोठ्या वादळांत मृत्यू शंभराच्या आत राहिलेत. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांचं जाळं उभं केलंय, हातातला भोंगा आणि झेंडे घेऊन. १९९१ ला बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त मेल्या होत्या. मुलं कडेवर, लांब साडी, आणि घरचा पुरुष सांगेपर्यंत घर न सोडण्याची रीत. म्हणून पुढे जाळ्यात बायका घेतल्या, निवाऱ्यांत त्यांच्यासाठी वेगळी जागा केली. ही माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली वादळांबद्दलची सर्वांत मोठी बातमी आहे.

----

स्पष्टवक्ता_७१

@दुभाषी, रिकाम्या रकान्याचं वाचून थांबलो. वरचा माझा प्रतिसाद मी घाईत लिहिला होता. शाळेच्या पुस्तकांचे पैसे मिळाले का त्यांना?

----

दुभाषी

नाही, अर्ज परत आला. पुस्तकं शाळेनेच दिली पुन्हा. बाईंना दुसरीकडे काम मिळालं, बुडालेल्या घरांच्या भिंतींवरची बुरशी खरवडायचं. साध्या कापडाचा मास्क बांधून करत होत्या.

----

जलरेषा

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @गवतफूल, अजून लिही म्हणालीस म्हणून.

हैतीच्या त्या मैत्रिणीशी काल बऱ्याच दिवसांनी बोलले. हा धागा काढलाय म्हटलं, तुझ्या घरचं लिहू का विचारलं. लिही म्हणाली, नाव नको. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आयझॅक वादळ झालं होतं, त्यात त्यांच्या केळी वाचल्या होत्या. सँडीच्या पावसात नदीने पात्र बदललं आणि बाग गेली, मातीसकट. खाली गोटे उघडे पडले. वडिलांनी दोन वर्षं त्या गोट्यांवर माती टाकून पाहिली, दर पावसाळ्यात ती वाहून जायची. मग थोरला भाऊ कामासाठी डोमिनिकन रिपब्लिकला गेला, तो तिकडेच आहे.

तिला २९ ऑक्टोबरच्या रात्रीचं काही आठवत नाही म्हणाली. न्यूयॉर्कचे दिवे गेले तेव्हा ती झोपली होती. चार दिवसांनी त्याच संध्याकाळी तिला घरचा फोन लागला होता.